सार्ना घाट उतरते

दुपारच्या जेवणाला आम्ही चौघे नेद्याल्काच्या खाणावळीत जमायचो. बर्कोवित्सा गावाच्या वरच्या तोंडाला, पेत्रोहान घाटाचा रस्ता जिथे गावात शिरतो, तिथेच ही खाणावळ आहे. समोरच्या मोकळ्या जागेत पूर्वी ट्रक उभे असायचे. आता तिथे गवत माजलंय, आणि उन्हाळ्यात कोणीतरी रासबेरीच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवतं.

आम्ही चौघांनी आयुष्यभर याच रस्त्याने ट्रक हाकले. इकडे विदिनला फेरीबोटीपर्यंत आणि पुढे हंगेरी, जर्मनी. तिकडे सोफियावरून तुर्कस्तान, इराण. निवृत्त झाल्यावर जाणार कुठे? बायका एकतर मेल्या होत्या, नाहीतर आम्हाला दिवसभर घरात बघून विटल्या होत्या. राजम्याचं सूप, आंबवलेला कोबी आणि आलुबुखाऱ्याची दारू, म्हणजे राकिया, घेऊन आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचो आणि कुत्र्यांबद्दल बोलायचो. बायकांचा विषय निघाला की भांडणं व्हायची, राजकारणाचा निघाला की नेद्याल्का आम्हाला बाहेर काढायची. कुत्र्यांबद्दल मात्र कोणाची काही तक्रार नसायची.

दोब्रीच्या कुत्र्याचं नाव बरोन. इतकासा होता, मांजराएवढा. हंगेरीच्या नाक्यावर त्याने ट्रकच्या मागच्या दाराचं शिशाचं सील चावून गिळलं. सीलाशिवाय गाडी सोडणार नाहीत आणि सील तर बरोनच्या पोटात.

"मग काय," दोब्री सांगायचा, "नाक्याचे दोन शिपाई, एक साहेब आणि मी, चौघेही त्याच्या मागे मागे. तो शेपटी वर करायचा की साहेब टोपी काढून खाली वाकायचा!"

"आणि त्याने केलं?" हे विचारायचं काम माझं असायचं.

"केलं, पण साहेबाच्या बुटावर."

झेल्यो आमच्यात सर्वांत मवाळ. बारीक अंगाचा, हळू बोलणारा. अनातोलियात गाडी चालवताना त्याचा डोळा लागला, तेव्हा त्याच्या कुत्रीने त्याचा कान कडकडून चावला आणि तो वाचला. कानाला खाच होती, ती तो कोणालाही दाखवायचा. आणि मी, रांगेल. माझा वुल्कान टायरमधली हवा कमी असली की गाडीत चढायचाच नाही. लोक म्हणायचे, त्याला कळतं. मी म्हणायचो, तापलेल्या रबराचा वास येत असेल. मी तसाच आहे, मला इंजिन उघडून बघितल्याशिवाय काही पटत नाही.

आणि मग स्तामात. हा आडदांड, लालबुंद चेहऱ्याचा माणूस. हसला की टेबलावरचे पेले हलायचे. त्याच्या कुत्रीचं नाव सार्ना, म्हणजे हरिणी. पिवळसर अंगाची आणि लांब पायांची. तरुणपणापासून ती त्याच्या शेजारच्या सीटवर, खिडकीशी बसून सगळा युरोप फिरली. रात्री माल राखायची. मग म्हातारी झाली, अंगाला वास मारायला लागली. स्तामातची बायको तोता म्हणाली, हे घाणेरडं मढं पुन्हा घरात आणायचं नाही.

"तर सोफियाकडून येतोय," स्तामात सांगायचा, "घाटमाथ्यावर हा एवढा बर्फ. मी गाडी थांबवली आणि सॉसेजचा तुकडा दाखवून बर्फात फेकला. बाईसाहेबांनी मारली उडी! मी दार ओढलं, गिअर टाकला. आरशात बघतो तर, आयला, धावतेय! तोंडात सॉसेज तसंच. तिला वाटलं खेळ चाललाय!"

इथे तो जीभ बाहेर काढायचा आणि दोन्ही पंजे टेबलावर थापटत धावून दाखवायचा. दोब्रीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं. मीही हसायचो. झेल्यो ताटात बघत राहायचा.

"पहिल्या वळणापर्यंत धावली. मग आरशात नुसता बर्फ." गोष्ट इथे संपायची. वर्षानुवर्षं हेच शब्द, एक इकडचा तिकडे नाही.

त्या शरदात झेल्योचा बेल्चो मेला. हा त्याचा शेवटचा कुत्रा, पोटात गाठ होऊन गेला. झेल्यो काही दिवस आला नाही. आला तेव्हा दाढी वाढलेली होती आणि कोटावर अजून पांढरे केस चिकटलेले होते. दोब्रीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. स्तामातला मात्र राहवलं नाही.

"अरे, बायको मेली तेव्हा एवढा रडला नाहीस! कुत्रंच होतं ना? थांब, सार्नाची गोष्ट सांगतो, हसशील तरी."

आणि त्याने सांगितली. सॉसेज, उडी, जीभ, पंजे. दोब्रीसुद्धा त्या दिवशी हसला नाही.

"पहिल्या वळणापर्यंत धावली," स्तामात म्हणाला.

झेल्योने मान वर केली. इतक्या वर्षांत या गोष्टीवर त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मग?"

"मग काय मग? मग..." स्तामात थांबला. कपाळाला आठी पडली, जणू काही आठवत होतं. "मग वळण घेऊन पुढे आली. त्या दगडी पाणवठ्यापर्यंत. तिथे सॉसेज पडलं तिच्या तोंडातून. थांबली नाही पण."

आम्ही सूप प्यायलो. म्हातारपणी गोष्टींना शेपटं फुटतात, मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोब्रीनेच पुन्हा विषय काढला, आणि सार्ना ट्राउट माशांच्या तळ्यांपर्यंत आली. स्तामातने हे असं सांगितलं, जणू तो कायम हेच सांगत आला होता. मी म्हटलं, "अरे, ती पहिल्या वळणालाच मागे पडायची ना?"

"कोण म्हणतं? मी नेहमी हेच सांगत आलोय. विचार दोब्रीला."

दोब्रीने माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याला मजा वाटत होती.

त्यानंतरच्या वेळी मला ती मजा वाटेनाशी झाली. स्तामात सांगत होता, "तळी मागे गेली. तो मोटारसायकलवाल्या पोराचा क्रॉस आहे ना, प्लास्टिकची फुलं लावलेला, त्याच्या कडेने आली. एक पाय आता उचलूनच धरतेय."

"स्तामात," मी म्हटलं, "तो पोरगा परवाच्या उन्हाळ्यात मेला. तू सार्नाला सोडलंस तेव्हा त्याचा बापसुद्धा शाळेत असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. लाल चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मला दिसतंय ते सांगतोय," तो म्हणाला.

"दिसतंय?"

"दिसलं ते," त्याने घाईने दुरुस्त केलं, आणि राकिया एका घोटात संपवली.

त्यानंतर त्याने ठरवलं की गोष्ट सांगायची नाही. पण आता आम्ही सोडायला तयार नव्हतो. खरं म्हणजे दोब्री तयार नव्हता. स्तामात दारातून आत आला की तो मोठ्याने विचारायचा, "काय हो, आपल्या बाईसाहेब आज कुठवर?" स्तामातने आयुष्यभर सगळ्यांची टर उडवलेली. दोब्रीच्या टकलाची, माझ्या तोतरेपणाची, झेल्योच्या अश्रूंची. आता तो आपल्याच गोष्टीला घाबरतो हे बघायला दोब्रीला गोड वाटत होतं. मलाही थोडं वाटत होतं.

झेल्यो काहीच विचारायचा नाही. तो फक्त स्तामातचा पेला रिकामा होऊ द्यायचा नाही. दोन-तीन पेल्यांनंतर स्तामातचा सूर बदलायचा आणि मधेच, सूप पिता पिता, तो सुरू व्हायचा. ती बर्झिया गावातून आली. लाकूड कापायच्या गिरणीवरून आली. गोष्टीतला बर्फ केव्हा संपला हे आम्हाला कळलंच नाही. एक दिवस लक्षात आलं की सार्ना कोरड्या रस्त्यावरून धावतेय आणि चेस्टनटची पानं तिच्या पायाखाली चुरतायत. खिडकीबाहेर तेव्हा तीच पानं पडत होती.

"तू गाडीत आहेस ना गोष्टीत?" मी एकदा विचारलं. "मग गाडी पळव की. म्हातारी कुत्री ट्रकला गाठते कशी?"

"पळवतोय," स्तामात म्हणाला. "पाय तळाला टेकलाय माझा. आरशात ती तेवढीच दिसते. तेवढीच, रांगेल. आणि वळण आलं की थोडी मोठी."

एके दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. आमच्या टेबलावर खिडकीच्या चौकटीची सावली पडली होती. स्तामात न पिताच बोलायला लागला. ती नव्या पेट्रोल पंपावरून आली. उतारावरून आली. "आता समोरच्या मोकळ्या जागेच्या कडेने," तो म्हणाला, आणि त्याने खिडकीकडे पाठ केली. "आता या खिडकीखालून."

आम्ही तिघांनी बाहेर बघितलं. गवत होतं, रासबेरीच्या पेट्या होत्या, रस्ता रिकामा होता.

स्वयंपाकघरातून नेद्याल्का बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा वाडगा होता. "कोणाचं कुत्रं आहे रे बाहेर? मघापासून धापा टाकतंय बिचारं." ती दार उघडून गेली आणि थोड्या वेळाने तसाच भरलेला वाडगा घेऊन परत आली. "गेलं वाटतं."

स्तामात उठला. टोपी तिथेच विसरून घरी गेला, तो पुन्हा आला नाही.

त्याचं घर गावाच्या खालच्या टोकाला. तोता गेल्यापासून एकटाच राहायचा. दोब्री म्हणाला, चला, बघून येऊ, मेला असेल तर निदान वास सुटायच्या आधी कळेल. नेद्याल्काने सूपाचा डबा भरून दिला. आम्ही दुपारीच गेलो.

फाटकाखालच्या फटीत त्याने फळ्या ठोकल्या होत्या. कुंपणाच्या तळाला सगळीकडे विटा. दार बऱ्याच वेळाने उघडलं. स्तामात अर्धा झाला होता. गालाची कातडी लोंबत होती. घरात एकही आरसा राहिला नव्हता. मोरीतल्या भिंतीवर नुसता खिळा होता.

"सूप आणलंय," मी म्हटलं.

"ती कोपऱ्यावर आहे," तो म्हणाला.

दोब्री हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "कुठल्या कोपऱ्यावर? अरे, आम्ही आत्ता आलो तिथून. कोंबड्या आहेत तिथे, बस्स."

"तुम्ही नाही बघू शकत. तुम्ही गाडीत नाही." तो खुर्चीवर बसला. दोन्ही हात समोर, जरा अंतर ठेवून, जसे स्टिअरिंगवर असतात तसे. त्याला स्वतःला ते कळत नसावं. "झोपलो तरी चालूच असतं. गप्प बसलो तरी चालूच असतं. आधी मी सांगायचो तेव्हाच धावायची. आता मी न सांगता धावते."

मी त्याला समजावलं. म्हटलं, राकिया बंद कर, डॉक्टरकडे जाऊ, हे मेंदूचं असतं, माझ्या आईलाही शेवटी असंच व्हायचं. माझं बोलणं चालू असताना झेल्योने खुर्ची ओढली आणि स्तामातच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"स्तामात," तो म्हणाला. त्याचा आवाज आजारी मुलाशी बोलावं इतका मऊ होता. "गाडी थांबव."

स्तामातने डोळे मिटले.

"मी इतकी वर्षं ऐकतोय. एकदाही थांबवली नाहीस. आता थांबव."

"ब्रेक लागत नाही."

"लागेल. मार."

स्तामातचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. मांडीचा स्नायू थरथरताना पँटवरून दिसत होता. मग त्याचं सगळं अंग पुढे झुकलं आणि मागे आलं.

"थांबली," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "थांबली रे."

"दार उघड."

"उघडलं."

"हाक मार तिला."

"सार्ना," स्तामात म्हणाला. "सार्ना, ये. ये, बाळा." मी त्याला तीस-चाळीस वर्षं ओळखत होतो, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ती उभी आहे. येत नाही."

"घाबरली असेल," झेल्यो म्हणाला. "तू खाली उतर."

"झेल्यो, पुरे," मी म्हटलं. का म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. खोलीत काही बदललं नव्हतं. झेल्योने माझ्याकडे बघितलंही नाही.

"उतर, स्तामात. दोन पावलं पुढे जा. हात पुढे कर."

स्तामातचा हात गुडघ्यावरून उठला, तळवा वर. तो हसत होता.

"ती आली. हात हुंगला. माझ्या बाजूने गेली. गाडीत चढली, बघ. आपल्या जागेवर बसली, खिडकीशी. किती हलकी उडी मारली!"

"छान," झेल्यो म्हणाला.

स्तामातचं हसू तसंच राहिलं, पण डोळे उघडले. ते आमच्यावर नव्हते.

"दार कोणी लावलं?"

मी खोलीच्या दाराकडे बघितलं.

"आत कोण आहे? झेल्यो, गाडीत कोण बसलंय?"

"तुला दिसतंय. तूच सांग."

"पाठ दिसतेय. केस काळे आहेत." त्याचा श्वास वाढला. "तो माझा कोट आहे. अरे, तो मीच आहे. ए! ए, थांब!"

दोब्री भिंतीला टेकला.

"गिअर टाकला त्याने. आरशात बघतोय माझ्याकडे." स्तामातचा आवाज चिरका झाला. "हसतोय, हरामखोर. हसतोय!"

आणि तो धावायला लागला. खुर्चीतच. त्याचे पाय फरशीवर घासायला लागले, आधी हळू, मग भराभर. तोंड उघडं पडलं. मी त्याचे खांदे धरले, हाक मारली, गालावर चापट्या मारल्या. तो माझ्या पलीकडे कुठेतरी बघत धापा टाकत राहिला.

झेल्यो उठला. त्याने खुर्ची पुन्हा भिंतीशी नीट लावली. मग कोटाच्या बाहीवरचा एक पांढरा केस काढला, खिशात ठेवला आणि बाहेर गेला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ. असं होतं या वयात. मलाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. स्तामातला जवळच्या मोंताना शहरात म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात ठेवलं. तो बोलत नाही, माणूस ओळखत नाही. दुसऱ्या मजल्यावर, पलंगाला कठडे लावलेले. पांघरुणाखाली त्याचे पाय हलत असतात, कधी सावकाश, कधी जोरात. तिथली माणसं सांगतात, झोपेतही थांबत नाहीत.

दोब्री एकदा आला आणि पुन्हा यायचं नाही म्हणाला. झेल्यो मोंतानाला फिरकलाच नाही. त्याच्याकडे आता एक पिल्लू आहे. खाणावळीत तो त्याला मांडीवर घेऊन बसतो आणि सूपातले मांसाचे तुकडे भरवतो. चांगला हसतो हल्ली.

मी मधून मधून जातो. हिवाळ्यात एकदा गेलो तेव्हा पहाटेपासून पेत्रोहानवर बर्फ पडत होता आणि बस उशिरा पोचली. स्तामातच्या कपाळावर घाम होता. तिथली नर्स, गुबगुबीत, बडबडी बाई, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नखं कापत होती. पायाची नखं कापताना ती वैतागून माझ्याशी बोलायला लागली.

"खिळ्यासारखी होतात बघा या वयात. कात्री मोडते. अख्ख्या वॉर्डाची मीच कापायची, दर आठवड्याला." तिने कात्रीने स्तामातच्या खाटेकडे दाखवलं. "तुमचे हे दोस्त तेवढे गुणी. इतके महिने झाले, पलंगावरून खाली पाय टेकवला नाही, पण यांच्या पायाची नखं मला एकदाही कापावी लागली नाहीत. आपोआपच झिजतात."